आमच्या घराण्याचा आळस

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी बरा झालेलो नाही. होणारही नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं शेवटच्या पानावर डोंगर चढून दाखवतात. तशी अपेक्षा असेल तर इथंच थांबा. बेळगावच्या वडगावातल्या माझ्या घराला अकरा पायऱ्या आहेत. त्या मी दोन टप्प्यांत चढतो, आणि मध्ये थांबतो तेव्हा कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो. हे सोंग मी इतकी वर्षं केलंय, की समोरच्या किराणा दुकानदाराला मी त्याच्यावर पाळत ठेवून आहे असं वाटतं.

डॉक्टर म्हणतात, हा आजार दुर्मीळ आहे. मला आता तसं वाटत नाही. मला वाटतं तो घराघरांत आळशी, कामचुकार, तोरेबाज अशा नावांनी राहत असणार. आमच्याकडं तरी तो तसाच राहत होता, दोन पिढ्या, आमच्याच ताटात जेवून. म्हणून हे लिहितोय. एका बैठकीला अर्धं पान होतं, मग मान खाली येते. त्यामुळं मजकूर तुकड्यातुकड्यांनी आलाय, तो तसाच घ्या.

तोरा

आम्ही विणकर. आजोबांचे हातमाग होते. वडिलांनी ते काढून घरातच चार यंत्रमाग टाकले, आणि मी त्याच चार मागांवर साड्या काढत एकोणपन्नास वर्षांचा झालो. आमच्या गल्लीत कुणी कुणाशी हळू बोलत नाही. मागांच्या खडखडाटानं सगळ्यांचेच कान थोडे थोडे गेलेले. त्यामुळं माझ्या आईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा कुणी डॉक्टर गाठला नाही. मागाचे कान, एवढं म्हणून विषय संपला. तिला साखर झाली, तेव्हा वय झालं म्हणून संपला. पाण्याची घागर ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहायची, तो तिचा स्वभाव. आणि हनुवटी वर करून माणसाकडं बघायची, तो तोरा. तिच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या होत्या. मान मागं टाकल्याशिवाय तिला समोरचा माणूस दिसत नव्हता. हे तिच्या सासरच्या एकाही शहाण्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. मलाही नाही. मी तर तिच्या नकला करायचो, आणि छान करायचो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, आईवर गेली. मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात आडव्या धाग्याची कांडी बसते. कांडी संपली की माग थांबतो. रिकामी काढायची, भरलेली घालायची. रिकाम्या कांड्या पुन्हा भरून द्यायचं काम घरातल्या बायकामुलींचं. आक्का दहा कांड्या भरायची आणि दोन्ही हात मांडीवर टाकून बसायची.

"आक्के, मुंग्यांनी वारूळ केलंय काय गं तुझ्या हातात?" मी मागावरनं ओरडायचो. सगळे हसायचे. तीही हसायची.

लग्न होऊन ती निपाणीला गेली. सासरी विड्या वळायचं काम, तिथंही तिचा हात सगळ्यांच्या मागं. तिच्या सासूनं आमच्या वडिलांना तोंडावर सांगितलं, "पोरगी गुणाची हाय, खरं लई आळशी." आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. वडिलांनी घरी येऊन तो राग आईवर काढला. आईला काही ऐकू आलं नाही, तेवढं एक बरं झालं.

माझी अक्कल

पंचेचाळिशी उलटली आणि माझ्याही पापण्या उतरायला लागल्या. गल्लीत बोलायला लागले, "अण्णा लई तोऱ्यात चालतोय अलीकडं." आईच्या नकला मी आता बिनामेहनतीच्या करत होतो.

मी निदान केलं की आपल्याला ताकद कमी पडतेय. उपाय म्हणून खारका, डिंकाचे लाडू आणि सकाळचं चालणं सुरू केलं. जितकं जास्त चाललो तितकं पुढचे दोन दिवस उठवेना. मग मी असं ठरवलं की अजून चाललं पाहिजे. मागवाल्या मित्रांबरोबर कणकुंबीला जंगलात फिरायला गेलो. जंगलातनं जाताना मी सगळ्यांच्या पुढं, छाती काढून. येताना मांड्यांत जाळ झाला आणि पाय उचलेनात. दोघांनी मला काखेत धरून आणलं. वाटेत गावातल्या म्हातारीनं मला दारुड्या समजून चार शब्द सुनावले. मी मान डोलावून कबूल केलं. कमजोर म्हणवून घेण्यापेक्षा दारुड्या म्हणवून घेणं बरं वाटलं मला. आमच्यात असंच आहे. दारू पिणारा सुधारू शकतो, दमणारा कामातनं गेला.

शेवटी देवीला साकडं घातलं. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर राहीन, माझी ताकद परत दे. माझी बायको मंगल म्हणाली, "साखरेची गोळी चालू हाय तुमची. निदान दूध तरी घ्या." मी म्हटलं, "दूध प्यालो तर देवी काय म्हणेल?" तिसऱ्या दिवशी दुपारी चालू मागाशेजारी मी असा कोसळलो, की हात मागात गेला नाही हीच देवीची कृपा. ज्या अंगातली चूलच मोडकी आहे, त्यातली लाकडंसुद्धा मी काढून घेतली होती. या आजारात उपाशी राहायचं नसतं. वाचणाऱ्यानं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं, तरी माझे ते तीन दिवस सत्कारणी लागले.

वॉर्ड

बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यात मी सोळा दिवस होतो. आधी म्हणाले थायरॉईड, मग नसांचा एक आजार, मग एक मोठे डॉक्टर म्हणाले की मनावर घेतलंय. शेवटचं ऐकून मला पटलं. मी मनाला दोन दिवस समजावून बघितलं.

वॉर्डात सकाळी सहाला रक्त काढायला येत. दंडात सुई, मग हात वर धरा, छताकडं एकटक बघा. एक मिनिटात माझ्या पापण्या दुकानाच्या शटरसारख्या खाली. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका कौतुकानं बघायचा. एवढं कौतुक मला लग्नातही मिळालं नव्हतं. आयामावशी कन्नड. मी संडासाला निघालो की म्हणायची, "स्वल्प तडीरी!" म्हणजे जरा थांबा, आणि हात धरायला यायची. थांबायला सांगणारं पहिलं माणूस मला पन्नाशीच्या तोंडावर भेटलं. तोवर सगळे 'उरक' म्हणणारेच.

एक दिवस मांडीतला स्नायूचा बारका तुकडा काढून तपासणीला बाहेर पाठवला. रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागतील म्हणाले. मंगल रोज खासबागेच्या बाजूनं दोन रिक्षा बदलून डबा घेऊन यायची. डबा उघडायची, मी खाईपर्यंत भिंतीकडं बघायची. मला वाटायचं ती काळजीत आहे. ती दमलेली होती. आमच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायची पद्धतच नव्हती.

निदानाचा दिवस

आमच्या डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या. वयानं माझ्या भाचीपेक्षा थोड्या मोठ्या. मराठी बोलायच्या, खरं कन्नडच्या चालीवर.

"अण्णाव्रे, तुम्ही भाकरी खाता, ती कुठं जाते?"

"पोटात."

"आणि तिथनं?"

"ते सांगू काय तुम्हाला?"

मंगलनं मला कोपर मारलं. बाई हसल्या आणि कागदावर चित्र काढायला लागल्या. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत म्हणे बारीक बारीक थैल्या असतात, कुठं शेकड्यानं, कुठं हजारानं. त्यांचं नाव मायटोकाँड्रिया. भाकरीची साखर होऊन पेशीपर्यंत पोचते, पण स्नायूला ती तशीच्या तशी वापरता येत नाही. त्या थैल्या तिच्यापासून शक्तीची पुडी बांधून देतात. ती पुडी फोडायची, काम करायचं, रिकामी परत पाठवायची, पुन्हा भरून घ्यायची. दिवसभर, रात्रभर.

"म्हणजे कांडी," मी म्हटलं.

"काय?"

मग मी बाईंना शिकवलं. सूत कोनावर, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर, गुंडाळून येतं. तो एवढा कोन धोट्यात बसत नाही. त्याची आधी कांडी भरावी लागते. माग चालतो तो कांडीवर. कोन कितीही पडलेले असूदेत, कांड्या भरणारं यंत्र मंद असेल तर माग थांबणारच. मी खारका आणि लाडू खात होतो, म्हणजे घरात नुसते कोन आणून रचत होतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे मी आता सगळ्या पेशंटला असंच सांगणार."

मग त्यांनी यंत्र कसं चालतं ते सांगितलं. थैलीच्या आत एक पडदा असतो, निऱ्यांसारखा घड्या घातलेला. अन्नातनं निघालेले विजेचे कण त्या पडद्यावर एका हातातनं दुसऱ्या हातात जातात, आग विझवायला माणसं रांगेनं बादल्या सरकवतात तसे. दर हाताला थोडी शक्ती सुटते, आणि ती हायड्रोजनच्या कणांना पडद्यापलीकडं ढकलून तिथं दाटी करते. ती दाटी परत आत यायला धडपडते. तिला वाट एकच, एका चिमुकल्या चाकातनं. ते चाक फिरतं आणि फिरता फिरता रिकाम्या कांड्या भरतं. बादल्यांच्या रांगेच्या टोकाला श्वासातला ऑक्सिजन उभा असतो. शेवटची बादली तो घेतो आणि तिचं पाणी होतं. तो नसला तर सगळी रांग जागेवर थांबते. माणूस श्वास कशासाठी घेतो हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. तोवर मी सवय म्हणून घेत होतो.

"मग माझं बिघडलंय काय?"

"रांगेतले काही हात लुळे आहेत. सगळ्या थैल्यांत नाही, काहींत. पापण्या, कान, मांड्या, साखर सांभाळणारी ग्रंथी, यांना शक्ती सतत लागते. म्हणून तिथं आधी दिसतं." बाई थांबल्या. "औषधानं हात सरळ होत नाहीत. काही जीवनसत्त्वं देते. दर दोन तासांनी थोडं खायचं, दमायच्या आधी बसायचं. दमल्यावर नाही, आधी."

"आणि हे आलं कुठनं?"

"आईकडनं. या थैल्या बाळाला फक्त आईकडनं मिळतात. बापाच्या पुढं जात नाहीत."

मी सरळ बसलो. "मग माझ्या पोराला?"

"तुमच्याकडनं होणार नाही."

हे एक वाक्य मी ऐकलं. बाई पुढं काहीतरी बोलत होत्या, "पण तुमची भावंडं..." असं काहीतरी. मी तोवर उठलो होतो. पळता आलं असतं तर पळालो असतो.

कुंदा

आता आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे. आमच्यात बहिणीच्या मुलीवर मामाच्या घराचा पहिला हक्क. आक्काच्या अश्विनीला बारशातच मंगलनं मांडीवर घेऊन म्हटलं होतं, "ही माझी सून." गंमत नव्हती. माझा सागर उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. अश्विनी निपाणीत शाळेत शिकवते. दोघांची आपापसात पसंती होती, फोन चालू होते. आणि निदानानंतरच्याच रविवारी आक्का, दाजी आणि अश्विनी सुपारी फोडायची तारीख धरायला आमच्याकडं येणार होते.

त्या दिवशी मी कुंदा आणला, आमची बेळगावची खव्याची मिठाई. मला साखर आहे, म्हणून फक्त वास घेतला. सगळे बसले. मंगलनं बश्या मांडल्या. मी उभा राहिलो. बसून सांगायची बातमी नव्हती ती.

"तोंड गोड करा सगळ्यांनी! माझं निदान झालं. आजार हाय, जाणार न्हाय, जाऊदे. खरं माझ्या सागरला होत न्हाय! डॉक्टरीण म्हणाली, हे फक्त आईकडनं येतंय. बापाकडनं पुढं जातच न्हाय. आमच्या घरातनं पीडा गेली बघा!"

दाजींनी टाळी वाजवली. सागर हसला. मी कुंद्याचा पहिला घास आक्काला द्यायला चमचा पुढं केला. ती भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, हनुवटी वर. चमच्याकडं बघितलंच नाही. आक्का सावकाश बोलते, आम्ही तिच्या बोलण्यावरही हसायचो.

"बाळू," ती म्हणाली, "आपली आई एकच न्हवं?"

घरातले चारही माग त्या दिवशी बंद होते. म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. अश्विनीनं आधी आईकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं. आणि मंगलनं, जिनं तो हिशेब माझ्याहून कितीतरी लवकर केला, तिनं अश्विनीपुढं सरकवत आणलेली बशी मध्येच थांबवली. हात तसाच बशीवर राहिला.

माझ्या आजवरच्या चुका मी सांगतो तेव्हा लोक पोट धरून हसतात. ही मी कुणाला सांगितलेली नाही. इथं पहिल्यांदाच सांगतोय.

मंगल

तारीख धरलीच नाही. पाहुणे गेल्यावर मंगलनं भांडी घासली, हात पुसले आणि मला समोर बसवलं.

"ही सोयरीक न्हाय व्हायची."

"अगं, पोरीला काय झालंय? धडधाकट हाय की."

"तुमच्या आईला अकरा वरसं मी उचलली. न्हाणीत, हांथरुणात. ऐकू येत न्हवतं म्हणून शिव्या बी देता येत न्हवत्या मला. आता तुम्हाला उचलतीया. तिसरं मी उचलणार न्हाय. नातवंडं तर न्हाईच न्हाय."

तिला वाईट ठरवायला मी बरेच दिवस झटलो. जमलं नाही. ती खोटं काहीच बोलली नव्हती. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, आईकडनं मुलीला बिघडलेल्या थैल्या किती जातात हे प्रत्येक वेळी वेगळं असतं. कुणाला पुष्कळ, कुणाला इतक्या थोड्या, की जन्मभर कळत नाही. तपासता येतं. मुलं व्हायच्या आधी सल्लाही घेता येतो. "पण तुम्ही लग्न मोडायला विचारताय की करायला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सहज."

सागर माझ्याकडं आला. "आप्पा, तुम्ही बोला आईशी. तुमचं ऐकंल ती."

मी म्हटलं, "बघू."

गंमत बघा. आजार आमच्या घरातला. आमच्या आईनं आम्हा दोघांना दिलेला, आमच्या घरातनं आक्काबरोबर निपाणीला गेलेला. आणि आता आम्हीच मुलाकडचे म्हणून मुलीत खोट काढत होतो. आणि ही खोट काढणाऱ्या घराचा कर्ता पुरुष कोण, तर मी. पापण्या उतरलेला, कानात यंत्र घातलेला, अकरा पायऱ्या दोन टप्प्यांत चढणारा.

आठवड्यानं अश्विनीचा फोन आला.

"मामा, एक विचारू? आजीला आधीच कळलं असतं, तर तिनं तुम्हाला जन्म दिला नसता. मग बरं झालं असतं काय?"

मी म्हटलं, "हॅलो? आवाज येईना गं पोरी. कानाचं यंत्र बिघडलंय." आणि फोन ठेवला.

ऐकू आलं होतं. अगदी स्वच्छ.

आक्काची तपासणी

तो 'बघू' तीन महिने चालला. या काळात मी सुधारलो असं डॉक्टर म्हणतात. दोन तासांनी खायला शिकलो. दोन माग बंद केले. दमायच्या आधी बसायला शिकलो. नको तिथंसुद्धा.

मग आक्काला तपासायला बेळगावला आणलं. बाईंनी तिचे हात वर धरायला लावले, छताकडं बघायला लावलं, आणि विचारलं, "हे दमणं कधीपासून आहे?"

"बारकी असल्यापासनं."

"मग कधी कुणाला सांगितलं नाही?"

आक्का जरा विचार करून म्हणाली, "सांगायला त्याला नाव पायजे की ओ बाई. आमच्यात त्याला आळस म्हणत्यात."

ती माझ्याकडं बघून बोलली नाही. म्हणून मला जास्त लागलं. बाईंनी ते लिहून घेतलं. इंग्रजीत काय लिहिलं कुणास ठाऊक. पन्नास वर्षं आमच्या घरानं एका बाईला जे ऐकवलं, ते एका ओळीत मावलं.

बाहेर बाकावर मी म्हटलं, "आक्के, मी तुला लई बोललो गं."

"व्हय," ती म्हणाली. "बोललास." आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून प्याली. मी वाट बघत होतो की आता म्हणेल, जाऊदे. म्हणाली नाही.

घरी आलो आणि मंगलला सांगितलं, "मी निपाणीला चाललोय. व्हय म्हणून सांगायला."

ती मग म्हणाली, "सांगा. खरं हे बी सांगा, की मी उचलणार न्हाय." आणि उठून माझा डबा भरला. दोन पोळ्या, केळं, चार खजूर. रागात होती, डबा चुकला नाही. माझ्या वाट्याला आलेल्या दयामायेचा आकार असा आहे, स्टीलचा, दोन पुडांचा.

निपाणी

रविवारी सकाळच्या गाडीनं गेलो. आक्काचं घर वरच्या मजल्यावर. जिन्यात तीनदा थांबलो, आणि या खेपेला कुणाची वाट बघत असल्याचं सोंग केलं नाही. तिसऱ्या खेपेला अश्विनीच दारात आली.

"सावकाश या मामा. घाई न्हाय."

तिनं चहा केला. आक्का शेजारी बसली होती, दाजी बाहेर गेले होते. मी गाडीत पाठ केलेलं भाषण सुरू केलं. चूक माझी, आजार आमच्या घरचा, सागर तयार आहे, मामीचं मी बघतो, माझा होकार आहे, तारीख तुम्ही सांगाल ती.

अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. कप उचलून बाजूला ठेवला.

"मामा, मी तपासणी करून घेतली. रिपोर्ट आलाय."

"काय आलाय?"

"ते सांगणार न्हाय. आता सांगितलं तर तुमचा होकार रिपोर्टवर ठरंल. चांगला असंल तर मोठ्या मनाचे म्हणून मिरवाल, वाईट असंल तर पुन्हा बघू म्हणाल."

"तसं न्हाय गं पोरी..."

"सागर तुमची वाट बघत बसला. तुम्ही मामींची. मामी निदान सरळ न्हाय म्हणाली, मला तिचा राग न्हाय. तीन महिने माझी वाट कुणी बघितली?"

मला काहीतरी गमतीचं सुचत होतं. सवयीनं सुचतं. 

"सासर या आजाराला घाबरलं तरी चालंल मला," ती म्हणाली. "खरं विचारल्यावर ऐकू न आल्यागत करणारं नको. त्या दिवशी फोनवर तुम्हाला ऐकू आलतं मामा."

"आलतं," मी म्हटलं.

"मग झालं." ती उठली, माझा चहा गार झालाय म्हणून दुसरा केला. त्यात साखर घातली नव्हती. तिच्या लक्षात होतं.

सागरला काय सांगायचं ते तिनं स्वतःच त्याला फोनवर सांगितलं होतं, आदल्या दिवशी. तो मला बोलला नव्हता. आमच्या घरातले सगळे पुरुष माझ्यावर गेलेत. त्याला काही थैल्या लागत नाहीत.

आक्का मला सोडायला स्टँडपर्यंत आली. दोघंही हळू चालणारे. रस्ता ओलांडेपर्यंत बेळगावची गाडी डोळ्यांसमोरनं निघून गेली. कंडक्टरनं आम्हाला बघितलं होतं, दोन म्हातारी निवांत फिरताहेत असं त्याला वाटलं असणार. पुढची गाडी तासाभरानं होती. बाकं सगळी भरलेली. एका टोकाला कुणीतरी सरकून एका माणसापुरती जागा केली.

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तोच आजार, तेच पाय, माझ्याहून जास्त झिजलेले. त्या दिवशी तिच्या पोरीचं ठरलेलं लग्न माझ्यामुळं मोडलं होतं. तिनं त्या जागेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू बस रं," ती म्हणाली. "मला सवय हाय."

आणि मी बसलो.